नॅशव्हिल ते कार्थेज, दादाच्या एका गाण्यापायी

लोक अमेरिकेला मुलीकडे गेले की नायगारा बघतात, न्यूयॉर्क बघतात, आऊटलेट मॉलमधून बॅगा भरून आणतात. आम्ही सहा दिवस खर्च करून एका गाण्याच्या मागे फिरलो, आणि फिरलो कोण तर मी (वय विचारू नका), माझा सत्तरीचा दादा आणि गाडी चालवायला माझी लेक चिऊ. जावयाने ऑफिसचं काम पुढे करून सुटका करून घेतली. हुशार आहे.

आधी दादाबद्दल. दादा बॉम्बे टेलिफोन्सला चिकटला आणि एमटीएनएलमधून रिटायर झाला, म्हणजे नोकरी एकच, १९८६ साली पाटी बदलली एवढंच. लग्न केलं नाही. आमचं बालपण गिरगावात, चाळीच्या मागच्या गॅलरीतून खोताच्या वाडीतली कौलं दिसायची आणि तिथल्या एका अंकलच्या रेडिओग्रामवर जिम रीव्ह्स लागायचा, म्हणजे अमेरिकेतला कंट्री (तिकडची गावाकडची गाणी) गाणारा गायक. डिसेंबरात त्याची ख्रिसमसची गाणी आणि उरलेले अकरा महिने 'ही'ल हॅव टू गो'. आमची आई त्याला 'तो झोपाळू बाप्या' म्हणायची. दादाने ते गाणं उचललं ते आजतागायत सोडलेलं नाही, इस्त्री करताना तेच, फ्यूज बदलताना तेच, तीर्थरूपांच्या श्राद्धाला पानं पुसताना पण तेच गुणगुणत होता.

मला गाण्याचा अर्थ कॉलेजात गेल्यावर कळला. माणूस बारमध्ये उभा आहे, तिथून तिला फोन लावलाय. ती घरी आहे पण तिच्याजवळ दुसरा कोणीतरी बसलाय. तर हा तिला म्हणतो, ओठ जरा फोनच्या जवळ आण, आपण दोघंच आहोत असं समजू, मी इथल्या माणसाला ज्यूकबॉक्सचा (नाणं टाकून गाणं लावायचं यंत्र) आवाज कमी करायला सांगतो, तू तिथल्या त्या माणसाला सांग, आता निघ. आणि तिला मोकळं बोलता येणार नाही हे त्याला माहितीय, म्हणून म्हणतो हो किंवा नाही एवढंच सांग म्हणजे मला कळेल. झालं. तिचं उत्तर गाण्यात नाहीच. हे कळल्यापासून माझ्या डोक्यात किडा, की न बोलणारा, लग्न न केलेला, फोन खात्यातला माझा भाऊ हेच गाणं का गातो? कोण होती? चाळीस वर्षं विचारायचं राहिलं, म्हटलं या ट्रिपमध्ये काढूनच घेऊ.

दिवस पहिला, शुक्रवार. नॅशव्हिल

विमानाचं रामायण सांगत नाही, पोचलो. ऑक्टोबरचा मधला आठवडा, सकाळ-संध्याकाळ स्वेटर आणि दुपारी घाम, झाडं नुकती पिवळी पडायला लागलेली.

संध्याकाळी चिऊने ब्रॉडवेला नेलं. हा न्यूयॉर्कचा नाही, हा नॅशव्हिलचा, नदीकडे उतरत जाणारा रस्ता आणि दोन्ही बाजूला बार, प्रत्येक बारच्या खिडकीत बँड, काही ठिकाणी तर तीन मजल्यांवर तीन बँड. खिडक्या उघड्या, त्यामुळे फुटपाथवर एका कानात एक गाणं आणि दुसऱ्या कानात दुसरं. गणपतीत गिरगावात दोन मंडळांच्या मधल्या घरात राहिलेल्यांना सराव असतो, आम्हाला काही वाटलं नाही. दादा मात्र खुळ्यासारखा प्रत्येक दारात थांबून फर्माईश करत होता. पहिल्या ठिकाणी गायक पोरगा पंचविशीचा, त्याला गाणं माहितीच नाही. दुसरीकडे माहिती होतं पण म्हणे इतकं हळू गाणं लावलं तर लोक उठून जातील. तिसरीकडे स्टील गिटारवर एक म्हातारबाबा होते, त्यांनी दादाकडे बघून टोपीला हात लावला, दादाने बादलीत वीस डॉलर टाकले (मी मनात गुणाकार केला आणि गप्प बसले) आणि त्यांनी वाजवलं. गायकाला ती पहिलीच ओळ खाली उतरताना जमेना, आवाज पायऱ्यांवरून घसरल्यासारखा झाला. मागे बॅचलर पार्टीच्या मुली ओरडत होत्या. दादा म्हणाला, "गाण्यातला माणूस ज्यूकबॉक्स हळू करायला सांगतोय आणि इथे ढोल बडवतायत."

टीप: बहुतेक बारना एंट्री फी नसते, बँडवाले बादलीतल्या पैशावर जगतात, त्यामुळे फर्माईश करायची तर सुट्ट्या नोटा ठेवा. कानात घालायचे बोळे पण.

रात्री हॉट चिकन खाल्लं. पांढऱ्या ब्रेडवर तळलेलं कोंबडीचं तंगडं, वरून लाल मिरचीचं तेल, वर काकडीच्या लोणच्याच्या चकत्या. याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १९३० च्या आसपास इथे प्रिन्स आडनावाचा एक रंगेल गृहस्थ होता, रात्र रात्र बाहेर. एकदा सकाळी घरी आला तर त्याच्या मैत्रिणीने सूड म्हणून कोंबडीत मरणाची मिरची घातली. तर या बाबाला ते इतकं आवडलं की पुढे त्याने हॉटेलच काढलं. प्रिन्सेस (राजकन्या नव्हे, 'प्रिन्सचं') नावाने अजून चालू आहे. म्हणजे बाईने चिडून केलेल्या पदार्थावर शहराची ओळख उभी. आम्ही 'आम्ही कोल्हापूर पाहिलंय' अशा तोऱ्यात 'हॉट' मागवलं, त्याच्यावर अजून पायऱ्या होत्या. दादाच्या नाकातून पाणी. तिथे दही मिळत नाही, 'मीडियम' मागवा, ऐका माझं.

परत येताना गाडीत हळूच विचारलं, "दादा, कोण होती रे?"
"कोण?"
"ती. गाण्यातली."
"मला काय माहीत. अमेरिकेतली असेल."

दिवस दुसरा, शनिवार. स्टुडिओ बी

आज ज्यासाठी नॅशव्हिलला थांबलो ते. आरसीए या रेकॉर्ड कंपनीचा स्टुडिओ बी. १९५७ साली बांधलेली साधी खोक्यासारखी इमारत, बाहेरून बघितली तर सरकारी गोदाम वाटेल. १५ ऑक्टोबर १९५९ ला इथेच 'ही'ल हॅव टू गो' रेकॉर्ड झालं. आम्ही तारखेच्या दोन दिवस नंतर पोचलो, दादाला तेवढीच हळहळ.

टीप, आणि ही महत्त्वाची: स्टुडिओच्या दारात तिकीट मिळत नाही. कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम म्युझियममध्ये तिकीट घ्यायचं, तिथून बस नेते-आणते. वीकेंडला आधीच ऑनलाइन काढा. म्युझियमलाच तीन तास लागतात. जिम रीव्ह्स १९६७ पासून तिथल्या भिंतीवर आहे, पितळी पाटी, गोल दालन. दादाने चष्मा पुसून पाटी दोनदा वाचली.

स्टुडिओत आत गेल्यावर पहिलं काय जाणवलं तर वास. जुन्या लाकडाचा, शाळेच्या प्रयोगशाळेसारखा. फरशीवर निळ्या रंगाची फुली आहे, खोलीत आवाज सगळ्यात चांगला येतो ती जागा. पियानो आहे. एल्विसने इथे दोनशेच्या वर गाणी केली आणि त्यातलं एक अंधार करून गायलं, म्हणून गाइडसुद्धा दिवे घालवून ते ऐकवते. लोक सद्गदित वगैरे. दादा कानात म्हणाला, "आपलं कधी लावणार?" आपलं लावलं नाही. पण गाइड बाई छान होत्या, टूर संपल्यावर दादाने विचारलं की जिम रीव्ह्स कुठे उभा राहायचा, तर त्या म्हणाल्या फुलीवर उभे राहा आणि त्यांनी खरंच बाकीच्यांना दोन मिनिटं थोपवून धरलं.

इथे जरा लांबण लावते कारण मला स्वतःला हे माहीत नव्हतं. रीव्ह्स आधी सगळ्यांसारखा मोकळ्या गळ्याने, ठासून गायचा. त्या काळी कंट्री म्हणजे फिडल, स्टील गिटार आणि आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचला पाहिजे. १९५७ ला 'फोर वॉल्स' गाताना त्याने आवाज एकदम खाली आणला आणि ओठ जवळजवळ माइकला टेकवून गायला. कंपनीतले लोक कुरकुरले, असं कोणी गातं का म्हणून. चेट अॅटकिन्स प्रोड्यूसर होता, तो रीव्ह्सच्या बाजूने उभा राहिला. दोन वर्षांनी हे गाणं आलं, त्यातून फिडल आणि स्टील गिटार गायब, पुढे फ्लॉइड क्रेमरचा पियानो, मधे मधे व्हायब्राफोनचे घंटेसारखे थेंब आणि मागे कोरस. म्हणजे गाण्यातला माणूस बाईला सांगतो ओठ जवळ आण, आणि गाणारा माणूस स्वतः तेच करत होता. आपल्या कानाशी बोलल्यासारखं वाटतं ते उगाच नाही.

गंमत म्हणजे कंपनीने हे गाणं रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टाकलं होतं. पुढच्या बाजूचं आता कोणाला नावानेही आठवत नाही. रेडिओवाल्यांनी तबकडी उलटी करून हे लावायला सुरुवात केली आणि १९६० च्या फेब्रुवारीपासून कंट्रीच्या यादीत १४ आठवडे पहिला नंबर. सगळ्या प्रकारच्या गाण्यांच्या यादीतही दुसऱ्यापर्यंत गेलं.

आणि गाणं लिहिलं कोणी? तर नवरा-बायकोने. जो आणि ऑड्री अॅलिसन. सांगतात ते असं की ऑड्रीचा आवाज फोनवर फार बारीक यायचा, म्हणून जो तिला म्हणायचा तोंड जरा फोनजवळ आण. बस, तिथून गाणं. मला हे वाचून जरा फसवल्यासारखंच झालं. एवढी चोरटी, काळीज कुरतडणारी गोष्ट आणि मूळ काय, तर घरच्या घरी 'अगं, ऐकू येत नाही'.

दादा फुलीवर उभा राहिला. मला वाटलं गाईल. तो फक्त "हॅलो" म्हणाला. हळू. एकदाच. मग बाजूला झाला आणि "चांगली खोली आहे" म्हणाला.

दिवस तिसरा, रविवार. पाऊस आणि डबी

सकाळपासून धो धो. तरी बेलव्ह्यूच्या बाजूला गणपतीचं देऊळ आहे, ओल्ड हिकरी बुलेव्हार्डवर, तिथे जाऊन आलो. दक्षिणी पद्धतीचं पांढरं गोपुर, झाडीतून एकदम समोर येतं. इडली खाल्ली. तिथून हायवे १०० वर लव्हलेस कॅफे, १९५१ पासूनचं, बिस्किटासाठी प्रसिद्ध. बिस्किट म्हणजे आपलं पार्ले नव्हे हं, गरम गरम, पापुद्र्यांचा जाड गोल पाव, त्याच्याबरोबर घरचे मुरांबे. रविवारी रांग असते, तास गृहीत धरा. पीच मुरांब्याची एक बाटली ठाण्याला आणलीय, अजून फोडलेली नाही.

संध्याकाळी घरीच. दादाने बॅगेतून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. हेच मुंबईच्या विमानतळावर तपासणीत उघडायला लावलं होतं आणि माझी धाकधूक झाली होती. जुन्या काळ्या फोनच्या हातातल्या भागातली, बोलायच्या बाजूची गोल डबी. दादा तिला ट्रान्समीटर म्हणतो. चहाच्या बशीत बसेल एवढी, पुढे भोकं, मागे पितळी ठिपका.

चिऊच्या कानाशी नेऊन हलवली. आत वाळूसारखं खुळखुळलं.

"कोळसा आहे," दादा म्हणाला. "कार्बनचे कण. तू बोललीस की पुढचा पडदा हलतो, कण दाबले जातात, सुटतात, त्यातून वाहणारा करंट कमी-जास्त होतो, तोच तुझा आवाज. एक्स्चेंजमधून बॅटरी यायची त्याला. आता हे कण दमट हवेने बसले, मुंबईत बसणारच, की आवाज जायचा. मग आम्ही काय करायचो?" आणि त्याने डबी टेबलाच्या कडेवर ठक ठक आपटली. परत खुळखुळ. "हे आमचं रिपेरिंग. लोकांना वाटायचं मोठा इंजिनिअर आलाय."

मग त्याचं ट्रंक कॉलपुराण. ऑर्डिनरी लावला तर दिवस जायचा, अर्जंट, त्याच्यावर लाइटनिंग, पैसे आठपट. पीपी कॉल म्हणजे ठराविकच माणूस लाइनवर हवा. आपल्याकडे डायल फिरवून थेट दुसऱ्या गावाला फोन पहिल्यांदा लागला तो १९६० साली, लखनौ ते कानपूर, ज्या वर्षी हे गाणं तिकडे पहिल्या नंबरवर होतं त्याच वर्षी. "आणि ट्रंकवर काय बोलायचे लोक? 'हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का, बाबा गेले, ऐकू येतंय का!' अख्ख्या पोस्टाला कळायचं. फोनवर कोणी हळू बोलतं हेच मला ठाऊक नव्हतं. पहिल्यांदा ऐकलं ते ह्या गाण्यात."

मला वाटलं आता गोष्ट येणार. चिऊपण लॅपटॉप बंद करून बसली. दादाने डबी परत रुमालात बांधली आणि विचारलं, भात लावलाय का.

दिवस चौथा, सोमवार. चुकीचं कार्थेज

जिम रीव्ह्सची समाधी टेक्सासमध्ये, कार्थेज गावाजवळ. नॅशव्हिलहून साधारण ९५० किलोमीटर, म्हणजे दोन दिवसांत आरामात. मी पुढच्या सीटवर, फोन माझ्या हातात, रस्ता लावायचं काम माझ्याकडे. कार्थेज टाकलं, फोन म्हणाला तासाभरात पोचाल. मी म्हटलं वा, इथल्या गाड्या काय पळतात.

अर्ध्या तासाने लेबनन अशी पाटी आली. चिऊने पाटी बघितली, सूर्य बघितला, मग माझ्याकडे बघितलं. "आई, सूर्य समोर का आहे?" आपण पश्चिमेला जायचं होतं ना. टेनेसीमध्येपण एक कार्थेज आहे, नॅशव्हिलच्या पूर्वेला, आणि मी आम्हाला तिकडे घेऊन चालले होते. दादा मागून म्हणाला, "लेबननवरून निघून कार्थेजला गेले ते फिनिशियन लोक. आठवीच्या इतिहासात होतं. तू बरोब्बर चालली होतीस." एक तास वाया आणि पुढचे तीन दिवस फिनिशियन म्हणून उद्धार.

टीप: अमेरिकेत एका नावाची दहा गावं असतात. राज्याचं नाव टाका, आणि मी असेन तर फोन माझ्याकडे देऊ नका.

मेंफिसला दुपार झाली. एल्विसच्या घरी गेलो नाही, तिकिटाची किंमत बघून दादा म्हणाला त्याने दिवे घालवून गायलेलं ऐकलं ना, पुरे. पुल्ड पोर्क सँडविच दादाने खाल्लं, मी मक्याचा ब्रेड आणि घेवड्याची उसळ, जी गोड होती. मग इंग्रजी एमच्या आकाराचा पूल आणि खाली मिसिसिपी, गढूळ, रुंद, काठ धड दिसत नाही. मी सवयीने हात जोडले. पलीकडे आर्कान्सा, सपाट, कपाशीची शेतं फुटलेली, विदर्भातल्यासारखी पांढरी. रात्री लिटल रॉकला मुक्काम.

रीव्ह्स गेला तो आर्कान्सावरूनच परत येताना. बेट्सव्हिल गावाला जमिनीच्या व्यवहारासाठी गेला होता, स्वतःचं छोटं विमान स्वतः चालवत होता, बरोबर त्याचा पियानोवाला डीन मॅन्युएल. ३१ जुलै १९६४. नॅशव्हिल जवळ आलं आणि वादळात सापडले, ब्रेंटवुडच्या झाडीत कोसळले. शोधायला ४२ तास लागले, गावातले गायक-वादकसुद्धा रान तुडवत होते. चाळीस वर्षांचा होता, वीस दिवसांनी एक्केचाळीस पूर्ण झाली असती. हे सगळं दादाने मोटेलच्या खोलीत, पंख्याकडे बघत सांगितलं. मग म्हणाला, "आमच्याकडे त्यानंतर कितीतरी वर्षं नवीन गाणी येतच होती त्याची. मला वाटायचं जिवंतच आहे." ते खरं आहे, गेल्यानंतर दोन वर्षांनी, १९६६ ला, 'डिस्टंट ड्रम्स' इंग्लंडात पहिल्या नंबरवर होतं.

दिवस पाचवा, मंगळवार. दोन राज्यांत एकेक पाय

टेक्सार्काना नावाचं गाव मधोमध राज्यांच्या सीमेवर आहे, पोस्ट आणि कोर्टाची इमारत अर्धी टेक्सासमध्ये अर्धी आर्कान्सामध्ये. समोर फोटो काढायची जागाच करून ठेवलीय. काढला. पुढे.

संध्याकाळी श्रीव्हपोर्ट, हे लुइझियानात. इथल्या म्युनिसिपल ऑडिटोरियममधून 'लुइझियाना हेराइड' नावाचा रेडिओ कार्यक्रम १९४८ पासून चालायचा, आणि रीव्ह्स त्यात आधी अनाउन्सर होता. त्याच्याही आधी बेसबॉल खेळायचा, दुखापतीने ते सुटलं म्हणून रेडिओ. दादाला ही माहिती होती, मला आत्ता समजलं आणि एकदम उलगडलं की शब्द इतके स्वच्छ का. बातम्या देणाऱ्याचे उच्चार आहेत ते. इमारत बंद होती, आतून बघायला आधी विचारून जावं लागतं, आम्ही पायऱ्यांवर बसून एल्विसच्या पुतळ्याशेजारी केळी खाल्ली.

जेवायला गंबो. ज्यांना वाटतं अमेरिकेत जेवण नाही त्यांनी इकडे या. भेंडी, कोळंबी, सॉसेज, पीठ काळपट भाजून केलेला दाट रस्सा आणि मधे भाताची मूद. भात! दादाने दोनदा घेतला. बुळबुळीत भेंडी लहानपणी ताटाखाली लपवणारा माणूस.

इथे मी परत विषय काढला. सरळच. म्हटलं दादा, अंकलच्या घरची कोणी होती का?

दादाने चमचा खाली ठेवला. "अंकलला तीन मुलगे होते."

"मग हेच गाणं का?"

"अगं, मी मराठी शाळेतला. एक्स्चेंजला लागलो तर सगळं इंग्रजीत, सुपरवायझर अँग्लो-इंडियन, काही कळायचं नाही, हसायचे. इंग्रजी गाणी लागायची रेडिओ सिलोनवर, त्यातलं एक अक्षर समजायचं नाही. हा एकच माणूस असा की प्रत्येक शब्द वेगळा ऐकू यायचा. सावकाश बोलतो. मी ह्याच्यावरून शिकलो फोनवर इंग्रजी बोलायला. पहिलं पूर्ण समजलेलं गाणं, विसरेन कसा."

चाळीस वर्षं मी जो किडा पाळला त्याचं हे झालं. चिऊ हसून हसून खाली पडायची बाकी होती. मी मात्र पूर्ण विश्वास ठेवलेला नाही, कारण हे सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता, भाताकडे बघत होता. पण दादा जेवताना भाताकडेच बघतो.

दिवस सहावा, बुधवार. समाधी

श्रीव्हपोर्टहून हायवे ७९ धरायचा, तासाभराचा रस्ता. दोन्ही बाजूला उंच पाइन, ओंडके भरलेले ट्रक, मधेच गॅसच्या विहिरी. या बाजूने येताना कार्थेजच्या साधारण पाच किलोमीटर अलीकडेच रस्त्यालगत जागा आहे. लक्ष ठेवा, आम्ही पुढे गेलो आणि परत वळलो (या वेळी मी नाही).

तिकीट नाही, कोणी माणूस नाही. गवत, झाडं आणि गिटार घेतलेला उभा पुतळा, खाली मजकूर कोरलाय, त्याचा अर्थ असा की मी साधा गाणारा, पण माझ्याने एक जरी अश्रू पुसला गेला तरी एकही कडवं वाया गेलं नाही. बायको मेरी १९९९ ला गेली, तीही इथेच. आणि पायाशी त्याचा कुत्रा, शायान. हे बघून चिऊला भरून आलं, माणसांचं तिला काही वाटलं नव्हतं.

सकाळचे दहा. दव सुकायचं होतं, चपला भिजल्या. दादाने रुमाल सोडला. मला वाटलं डबी इथे ठेवणार, मी मोबाइल काढला पण होता फोटोला. त्याने डबी तळहातावर घेतली, पुतळ्याच्या समोर थोडी पुढे धरली, घरी आलेल्या पाहुण्याला नवीन वस्तू दाखवतात तशी, एकदा हलवली, खुळखुळली, आणि परत रुमालात बांधली.

"ठेव ना," मी म्हटलं.

"ठेवायला नाही आणली. दाखवायला आणली."

मागून ओंडक्यांचा ट्रक गेला, ड्रायव्हरने भोंगा वाजवला, कदाचित सगळ्यांनाच वाजवत असेल.

मग गावात टेक्सास कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम. रीव्ह्स याच पॅनोला काउंटीतला, गॅलोवे नावाच्या वस्तीत १९२३ ला जन्मलेला, त्यामुळे घरचाच कारभार. टेक्स रिटर नावाचा जुना सिनेमातला काउबॉय पण याच काउंटीचा, त्याचं म्युझियम याच इमारतीत. तिथल्या बाई म्हणाल्या इंडिया? एवढ्या लांबून? दादाने त्यांना सांगितलं की मुंबई, गोवा, जिथे जिथे नाताळ होतो तिथे हा वाजतो. त्यांनी वहीत नाव-गाव लिहायला लावलं. दादाने गावाच्या रकान्यात गिरगाव लिहिलं, देवनागरीत.

टीप, खास आपल्या लोकांसाठी: इकडे मेनूवर चिकन-फ्राइड स्टेक दिसेल. त्यात चिकन नाही, बीफ आहे, चिकनसारखं तळलेलं म्हणून ते नाव. मी मागवणारच होते. आणि आइस टी मागितली की गोड मिळते, पाकासारखी, बिनसाखरेची हवी तर आधी सांगा.

जेवून परतीला लागलो. मार्शल गेल्यावर चिऊ म्हणाली, मामा, तुला एक ऐकवू? हे गाणं गाजल्यावर लगेच, १९६०लाच, जीन ब्लॅक नावाच्या बाईने त्याचं उत्तर गायलंय. चाल तीच. नाव 'ही'ल हॅव टू स्टे'. दादाने कधी ऐकलंच नव्हतं. गाडीत लावलं. त्यात ती बाई फोनवर आहे, तिलाही त्याच्या बाजूचा ज्यूकबॉक्स ऐकू येतोय, आणि ती म्हणते तुझी वाट बघून बघून थकले, तू परत शब्द मोडलास, आता माझ्याजवळ दुसरा आहे, तो माझ्यावर प्रेम करतो, तो काही जाणार नाही, तो इथेच राहणार.

गाणं संपलं. मी आरशातून दादाकडे बघत होते. तो बाहेर पाइनकडे बघत होता. चिऊने आवाज बंद केला. बराच वेळ कोणीच बोललं नाही, एक गाव गेलं, दुसरं गेलं.

"परत लाव," दादा म्हणाला.

परत लावलं. पूर्ण ऐकलं.

"हिचेही उच्चार चांगले आहेत," तो म्हणाला. "पुढे कुठे चहा मिळेल का बघ. पाकासारखा नको."